उघड्या पाठीचा हेडफोन आणि बिरप्पांचे कान

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. जुना असलो तरी ऐरागैरा नाही. सहा वर्षांपूर्वी मी परदेशातून सोलापुरात आलो, तेव्हा माझ्या पेटीला मखमलीचे अस्तर होते आणि ती उघडण्याआधी ऋतुराजने साबणाने हात धुतले होते. ऋतुराज म्हणजे माझा मालक. मूळचा सांगोल्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला. आता टॉवेलच्या कारखान्यात संगणकावर नक्षी काढतो आणि नव्या पेठेमागे दुसऱ्या मजल्यावर राहतो.

माझी पाठ उघडी आहे. म्हणजे कानावर बसणाऱ्या माझ्या दोन्ही वाट्यांना मागून बारीक जाळी आहे, त्यामुळे आवाजाला मोकळी हवा मिळते. गाणारा, तबला, पेटी, सगळे आपापल्या जागी बसलेले ऐकू येतात. याचा मला भारी अभिमान होता. त्याच जाळीतून आवाज बाहेर सांडतो, हे मात्र मी आपणहून कुणाला सांगत नसे. ते ऋतुराजची बायको वैजयंती सांगे.

"अहो, तो कानाला लावून काय उपयोग? स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू येतंय की."

दोन वर्षांनी घरात दुसरा हेडफोन आला. काळा, जाड, सगळीकडून बंद. मी त्याला मनातल्या मनात बंद्या म्हणत असे. त्याच्यातून ढोल वाजला की छातीत धक्का बसे. खालच्या रिक्षांचा आवाज तो आत येऊ देत नसे. माझ्यात मात्र रिक्षाही गाण्याला साथ करत. त्या दिवसापासून ऋतुराजचे ऐकणे संपले आणि तुलना सुरू झाली. एका गाण्याची पहिली वीस सेकंदे माझ्यावर, तीच वीस बंद्यावर, पुन्हा माझ्यावर. त्या गाण्याचा अंतरा कसा आहे, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हते. मग तो वैरागला फोन लावी. तिथे त्याचा मित्र बिभीषण अडत दुकानात बसून हेच व्यसन करत असे.

"ढोलाचा बेस त्याचा, पण मोकळेपणा ह्याचा," ऋतुराज म्हणे.

"मग मोकळा बेस कुणाचा?" बिभीषण विचारी, आणि आमची वीस सेकंदे पुन्हा सुरू होत.

यंदा ऋतुराजच्या वडिलांच्या, बिरप्पांच्या, गुडघ्याचे ऑपरेशन झाले. दोन महिने ते सोलापुरातच राहणार म्हणून वैजयंतीने आमचे टेबल हलवून तिथे खाट टाकली आणि निकाल दिला, "एक हेडफोन ठेवा, एक बिभीषणभावजींना द्या. रविवारपर्यंत." अडत दुकानात दिवसभर भुसाची धूळ उडते आणि माझी तर पाठच उघडी.

बिरप्पांचे दुःख माझ्याहून मोठे होते. ते अर्ध्या भाकरीवर पान सारत. "माजी मेंढरं तितं नि मी हितं. काय करू हितं बसून?" एवढेच बोलत. त्यांना बरे वाटावे म्हणून सांगोल्याहून फुलाबाईंनी, म्हणजे ऋतुराजच्या आईने, संध्याकाळी कळप परतताना मोबाइलवर आवाज टिपून पाठवला. मोबाइलवर ऐकून बिरप्पा म्हणाले, "पत्र्यावर खडं पडल्यावानी वाजतंय." ऋतुराजचे डोळे चमकले. परीक्षकच घरी चालून आला होता.

अडचण आली ती पटक्याची.

"आबा, पटका काढा की."

"सुनंम्होरं बोडकं बसू व्हय?"

पटक्यावरून आमची डोक्यावरची पट्टी काही पुरेना. शेवटी बिरप्पांनीच तोड काढली. पट्टी हनुवटीखाली घेतली आणि वाट्या दोन्ही हातांनी कानांवर धरल्या. मला घडवणाऱ्या कारखान्यात कुणी हे पाहिले असते तर नोकरी सोडली असती.

आधी बंद्या. "आवाज लई हाय. पर सगळी मेंढरं एकाच पोत्यात कोंबल्यात." मग मी. बिरप्पांनी डोळे मिटले. मी श्वास रोखून वाजत राहिलो. अचानक ते ताठ झाले.

"भुरी लंगडती."

पुढे चालणाऱ्या मेंढ्यांच्या गळ्यात बिरप्पा स्वतः घंट्या बांधतात. बाजारात एकेक घंटी कानाशी वाजवून, प्रत्येकीचा आवाज वेगळा निवडून. त्यामुळे कोणती मेंढी कुठे आहे हे त्यांना न बघता कळते.

"आबा, उजवं-डावं नीट कळतंय का, ते सांगा आधी," ऋतुराज म्हणाला.

"भुरीची घंटी तीन डाव वाजती नि चवथ्याला अडती. खुरात काटा हाय तिच्या. तुज्या आईला फोन लाव."

फुलाबाई हसल्या. "सोलापुरात बसून पाय बगताय व्हय?" पण पाव तासाने त्यांचाच फोन आला. बाभळीचा काटा निघाला होता, बोटाएवढा.

मी जिंकलो. रविवारी बंद्या वैरागला गेला. पण मी ऋतुराजकडे परतलो नाही. बिरप्पा मला सोडतच नव्हते. रोज संध्याकाळी सांगोल्याहून नवा आवाज येई आणि ते तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत. इतकी वर्षे वाजलो, पण पुरता ऐकला गेलो तो तेव्हाच. "आबा, धा मिनिटं द्या की," ऋतुराज अजिजीने म्हणे. "गप. मेंढरं पान्यावर आल्यात." बिरप्पा आता दोन भाकरी खात होते. माझ्यातून सांडलेला आवाज ऐकून वैजयंतीही स्वयंपाकघरातून विचारी, "मामा, आज भुरी पुढं आहे ना?"

गुडघा बरा झाला. वैजयंतीने मला टॉवेलमध्ये गुंडाळून बिरप्पांच्या पिशवीत ठेवले. सांगोल्याच्या धुळीचीही माझी तयारी झाली होती. इतका जीव लावल्यावर ते मला सोडून जातील असे वाटलेच नाही. पण बिरप्पांनी मला बाहेर काढले, माझी जाळी हळूच पुसली आणि मला ऋतुराजच्या हातात दिले.

"चांगलं हाय ह्ये. लई चांगलं. पर तितं कशाला? तितं ती सोता हायत की."

मला फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? मग पायऱ्या उतरताना त्यांचा तो गुडघा पाहिला. दोन महिने जपून टाकलेले पाऊल आता घाईघाईने पडत होते.

मित्रांनो, आम्हा हेडफोनांची काळजी घ्या. वायर ओढू नका, वाट्यांच्या उशा घामट ठेवू नका, आवाज बेताने ठेवा. आणि ज्यांचा आवाज तुम्हाला ऐकायचा आहे ती माणसे समोर असतील, तर आम्हाला कानांवरून काढा. आम्हाला वाईट वाटेल. तरी काढा.