द्वारपालाची रिकामी जागा

बाबांनी द्वारपालाला ठार मारलं. भरदुपारी, आमच्याच हॉलमध्ये, घरातल्या चपला घालून.

आता असं काही घडलंच नाही असं समजून पुढे वाचा. घरात आम्हीही तसंच समजतोय, आणि बऱ्यापैकी जमतंय.

मी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहितो. प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी दोन रकाने असतात, जमेच्या बाजू आणि उणिवा. नातेवाइकांनी विचारलं की आई सांगते, "तो कॉम्प्युटरमध्ये असतो," जसं काही मी आत अडकलोय आणि सुटकेचे प्रयत्न चालू आहेत. बाबा डबिंगच्या स्टुडिओत आवाजाचं काम करायचे. साबण, सेनापती, बोलणारा बैल, ज्याला गरज असेल त्याला आवाज द्यायचे. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं. तेव्हापासून बाबा चमच्याने स्टीलचा पेला वाजवतात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, वाजवतच राहिले तर चहा. मजकूर मोठा असेल तर पाटी.

ऑपरेशनला वर्ष होत आलं तेव्हा माझ्याकडे परीक्षणासाठी एक गेम आला. तलवारी, जादू, ड्रॅगन, कैदेतली राजकन्या, म्हणजे नेहमीचाच संसार. आपल्या भाषेत डब केलेला होता. मी पहिल्या शहराच्या वेशीपाशी पोचलो. बर्फ भुरभुरत होता. भाला धरून उभा असलेला द्वारपाल म्हणाला, "कोण आहे तिकडे?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. आई ओल्या हातांनी धावत आली आणि थेट बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. तोंड बंद होतं. आत बिस्किट होतं.

"अहो, तुम्ही बोललात?"

पेला दोनदा वाजला. मग बाबांनी चमचा टीव्हीकडे केला. आजारपणाच्या आधी कधीतरी केलेलं काम होतं ते. बैलाच्या गडबडीत विसरून गेले होते.

आई सोफ्याच्या कडेला टेकली. हात तसेच ओले. "परत बोलायला लाव त्यांना," ती मला म्हणाली. "तुझं परीक्षण राहू दे बाजूला."

महिनाभरात आई सराईतपणे खेळायला लागली. म्हणजे खेळत नव्हतीच, वेशीवरून हललीच नाही. द्वारपालाकडे वाक्यं मोजकीच होती. "कोण आहे तिकडे?" "शस्त्र खाली ठेवा." "अंधार पडायच्या आत परत या." आणि समोरच्याच्या अंगात चिलखत नसेल तर, "थंडी आहे. अंगात काहीतरी घाला." हे शेवटचं वाक्य आईला अपघातानेच सापडलं. त्यानंतर तिने चिलखत काढून टाकलं ते काढूनच टाकलं. ज्याच्या हातून त्या राज्याचा उद्धार व्हायचा होता तो वीर बर्फात चड्डीवर उभा राहून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटरबद्दल तक्रार करू लागला.

"काल पण रात्रभर चालू होती हो. सांगायचं तरी कोणी?"

"शस्त्र खाली ठेवा."

"ठेवलं. मी काय भांडायला गेले नव्हते."

मागे क्षितिजावर ड्रॅगन गावं जाळत होता. वेशीतून माणसं गाठोडी घेऊन पळत यायची. आई बाजूला सरून त्यांना वाट द्यायची.

"आई, राजकन्या कैदेत आहे," मी म्हणालो.

"जेवायला देतात ना तिला?"

"देतात बहुतेक."

"मग असू दे थोडे दिवस."

बाबा खुर्चीतून हे सगळं बघायचे. पेला वाजवून वाजवून थकायचे, पण आईच्या कानात बर्फाचा वारा असायचा. त्यांचा चहा मी करायला लागलो, आणि तो ते तक्रार न करता प्यायचे. यावरून परिस्थिती किती बिघडली होती ते लक्षात यावं. एक दिवस त्यांनी पाटी तिच्यासमोर धरली. वर लिहिलं होतं, 'तो मी नाही.'

"माहितेय मला," आई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली. "तुम्ही कधी म्हणालात का, अंगात काहीतरी घाला?"

बाबांनी पाटी पुसली. खडू बराच वेळ हातात धरला. मग तोही ठेवून दिला.

इकडे बाकीच्या परीक्षकांनी एकमुखाने एक उणीव काढली होती. द्वारपाल तीच तीच वाक्यं बोलतो. कंपनीने मनावर घेतलं. नव्या आवृत्तीत द्वारपालाला दुसऱ्याचा आवाज आला आणि इतकी वाक्यं आली की लोक त्याला टाळून भिंतीवरून उडी मारू लागले. मी आमच्या गेमच्या यंत्राचं इंटरनेट काढून टाकलं, म्हणून आमच्याकडे जुनाच टिकला. नावाजलेली जमेची बाजूही एकच होती. इथे मेलेला माणूस मेलाच. गेम सगळं आपोआप नोंदवतो, मागे जाता येत नाही, आणि पहिल्यापासून सुरू करायचं तर आधी नवी आवृत्ती घ्यावी लागते. 'मरणाला वजन असलेला गेम,' असं मीही लिहिलं. चार तारे दिले.

मग ती दुपार आली. आई मावशीकडे गेली होती. मी टेबलाशी लिहीत होतो. बाबांनी टीव्ही लावला, गेमचा रिमोट हातात घेतला आणि पाटी माझ्याकडे वळवली. 'बोलायचंय.'

"कोणाशी?"

चमचा टीव्हीकडे.

"काय बोलणार त्याच्याशी?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूटपणे बटणं दाखवली. या गेममधल्या वीरालाही आवाज नाही. तो फक्त बटण दाबतो आणि समोरचा ऐकल्यासारखं करतो. तेवढं बाबांना जमण्यासारखं होतं. उणीव एवढीच की बोलायचं बटण आणि वार करायचं बटण शेजारी शेजारी आहेत. परीक्षणात मला ती किरकोळ वाटली होती.

वीर दोनदा स्वतःभोवती फिरला, झाडावर आपटला, मग द्वारपालासमोर जाऊन उभा राहिला. बाबांनी घसा खाकरण्यासारखं केलं. आवाज आला नाही. मग त्यांनी बटण दाबलं.

द्वारपाल मागे कोलमडला. "थांब! मला ओळखलं नाहीस?"

हे वाक्य आमच्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. आईने त्याच्यावर कधी हातच उगारला नव्हता. बाबांना बोलायचंच होतं, मी शपथेवर सांगतो. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, घाईघाईने, तेच. मी उठेपर्यंत तिसऱ्यांदा. बस चुकलेल्या माणसासारखा द्वारपाल बर्फात खाली बसला, मग आडवा झाला, मग दिसेनासा झाला. कोपऱ्यात छोटी अक्षरं उमटली. 'नोंद झाली.'

आई आली, पिशवी ठेवली, टीव्ही लावला. वेस सताड उघडी होती.

"कुठे गेले?"

"शिफ्ट संपली असेल," मी म्हणालो.

"परत कधी येतील?"

बाबांच्या हातात चमचा होता, पुढ्यात पेला होता. वाजलं काहीच नाही.

आईने वीराच्या अंगावर काही राहिलंय का ते तपासलं. काहीच नव्हतं. मग ती त्याला तशीच उभी करून वाट बघत बसली. वारा होता. लोक गाठोडी घेऊन येत होते. मी फोनवर शोधून एक जुना व्हिडिओ काढला. त्यात आमचाच द्वारपाल कुणा परक्या वीराला आत सोडत होता.

तिने थोडा वेळ ऐकलं. "हे दुसऱ्याशी बोलतायत," ती म्हणाली आणि फोन मला परत दिला.

तेवढ्यात बाबा उठले. आत जाऊन तिचा स्वेटर घेऊन आले आणि मागून तिच्या खांद्यावर टाकला. डोक्यावर पंखा फुल स्पीडवर होता.

"उकडतंय हो," आई म्हणाली. तिने स्वेटर काढला, नीट घडी करून सोफ्याच्या हातावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. काय झालं ते तिने विचारलं नाही. तिला कळलंय का, ते आम्ही विचारलं नाही. टीव्हीवर वीर एकटाच कुडकुडत होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझा लॅपटॉप मागून घेतला आणि दुपारभर एका बोटाने टाईप केलं. म्हणाले, म्हणजे पाटीवर लिहिलं, 'कंपनीला पाठव. एक शब्द बदलू नकोस.' मी बदलला नाही. तो अर्ज असा:

'विषय: वेशीवरील द्वारपालाच्या रिक्त पदाबाबत.

महोदय,

उपरोक्त पदावरील कर्मचारी कर्तव्यावर असताना मृत्यू पावले असून त्यास अर्जदार स्वतः जबाबदार आहे. सदर कर्मचाऱ्याचा आवाज मूळचा अर्जदाराचा होता. अर्जदार दीर्घकाळ उभा राहू शकतो, थंडी सोसू शकतो, व त्या वेशीवर रोज येणाऱ्या महिलेस चांगला ओळखतो. तरी सदर पदावर अर्जदाराची विनाविलंब नेमणूक करण्यात यावी, व बोलता येण्याची अट विशेष बाब म्हणून शिथिल करण्यात यावी, ही नम्र विनंती.'