बाबा हळू बोलले तेव्हा

कोचिंग क्लासात मी पोरांना रीझनिंग शिकवते. रेल्वेच्या आणि बँकेच्या परीक्षांना एक प्रश्न हमखास येतो: वाक्य द्यायचं आणि त्यात न बोलता काय गृहीत धरलंय ते शोधायला लावायचं. 'गाडी लेट आहे, म्हणून बसनं जाऊ.' यात लपलंय काय, मी विचारते. मग मीच ऐटीत सांगते, बस वेळेवर येईल हे आपण धरून चाललोय, आणि तसं कुणी सांगितलंय? पोरं हसतात, मला आपण फार हुशार असल्यासारखं वाटतं. ही हुशारी कारखान्याच्या सेक्टर-वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरच्या फाटकापर्यंत माझ्यासोबत यायची आणि तिथेच थांबायची.

कारण आत माझे सासरे असायचे. लहानूबाबा, स्टील प्लांटच्या मिलमधून रिटायर झालेले. क्वार्टर आता माझ्या नवऱ्याच्या, प्रफुलच्या नावावर होतं; तोही प्लांटमध्येच. बाबांनी सकाळी कुणाला 'जय भीम' घातला की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसायचं. "नीतू! चहा झाला का!" म्हणाले की माझ्या हातातलं गाळणं उडायचं. "भाजी कावून फिक्की लागून राहिली!" एवढं म्हणाले की मी न्हाणीत जाऊन रडून यायची. पद्मनाभपुरात माझ्या माहेरी मोठ्या आवाजात बोलतो तो फक्त कुकर.

मी सरळ विचार केला. बाबा ओरडतात, म्हणजे रागावतात. रोज रागावतात, म्हणजे मी त्यांना आवडत नाही. आवडत नाही, तर वेगळं राहावं. हुडको कॉलनीत जाऊन केवलराम नावाच्या माणसाची वरची खोलीही बघून आले. "अपन घर छोड़ के काबर आवत हव, बहू?" स्वतःचं घर सोडून का येतेस, असं त्यानं विचारलं. घरात फार आवाज आहे, शांतता हवी, असं मी सांगून टाकलं.

प्रफुलला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा एवढासा झाला. "पहिले आईसोबत बोल," तो म्हणाला. "मग तू म्हनशीन तसं करू."

सासूबाईंना, म्हणजे सत्यशीलाआईंना सांगता सांगता मला हुंदका आला आणि त्यांना हसू.

"अवो, सारी उमर त्यायनं मिलमध्ये काढली. लाल लोखंड तिथं धडाधड पळत येते. हळू बोललं त बाजूच्याले आयकू येत नाही, अन् त्यानं आयकलं नाही त हात जाते त्याचा. तिथं चिल्लावनं म्हंजे माया होय, पोरी."

"मग रागावले की काय करतात?"

"तवा हळू बोलते. ते हळू बोलले का मी आपली बॅग भराले घेतो."

मला लाज वाटली. ओरडणारा माणूस रागावलेलाच असतो, हे मी कुणालाही न विचारता धरून चालले होते. वर्गात नेमक्या याच चुकीसाठी मी पोरांचे गुण कापते. थोडा रागही आला, की ही गोष्ट मला लग्नातच सांगायला काय झालं होतं?

मग मीही ओरडायला लागले. "चहा ठेवला हाय बाबा, दम धरा!" त्यांचा चेहरा असा खुलायचा की विचारू नका. शेजारच्या चंपाताई एकदा भांडण सोडवायला धावत आल्या, तर आम्ही सासरा-सून पोह्यांत शेंगदाणे किती घालावेत यावर वाद घालत होतो. त्यांनाही बशीभर पोहे दिले. हुडकोची खोली माझ्या डोक्यातून पार निघून गेली.

केवलरामच्या डोक्यातून मात्र ती गेली नव्हती. मी क्लासला गेले असताना तो किल्ली घेऊन घरी आला आणि दारात त्याला बाबाच भेटले. बहूला शांतता हवी आहे, घरात फार आवाज होतो म्हणत होती, असं सगळं सांगून गेला.

त्या दिवसापासून घर चिडीचूप. बाबांनी चहा मागितला तो ओठांतल्या ओठांत. जेवताना भाजीबद्दल काहीतरी पुटपुटले, चांगलं की वाईट तेही कळलं नाही. "इतकं हळू त माह्यावरबी कधी नाही बोलले," आई कुजबुजल्या. सकाळी अंगणातल्या पेरूखाली उभे राहून बाबा एकटेच ओठ हलवत असायचे. मला काय सुनवायचं ते पाठ करताहेत, अशी माझी खात्री झाली.

शेवटी मला राहवेना. पेरूखालीच जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, तुमाले राग आला असन त बोलून टाका एकदाचं."

त्यांचे ओठ हलले. मला ऐकूच आलं नाही. त्यांनी घसा खाकरला आणि ओझं उचलावं तसं पुन्हा सुरू केलं.

"राग नाही वो पोरी. तुले माह्या आवाजाचा तरास होते, तो हुडकोवाला सांगून गेला. मले मालूमच नव्हतं. म्हून या झाडासंग हळू बोलाची सवय करून राहिलो. जमन मले, जरा टाइम लागन." मग आणखी हळू, "तवर जाऊ नको."

हळू बोलणं म्हणजे राग, हा आईंचा नियमही मी तसाच डोळे मिटून खरा धरला होता तर. माझे डोळे भरून आले. या माणसाला सोडून मी शांतता शोधायला निघाले होते. मी छातीत सगळा दम भरला आणि ओरडले, "बाबा! काहीच आयकू येऊन नाही राहिलं! मोठ्यानं बोला!"

ते बघतच राहिले. मग हसले, आणि त्यांचा तो मिलमधला आवाज निघाला.

"जाऊ नको म्हनलं!"

पेरूवरचे पोपट उडाले. कुंपणापलीकडून चंपाताईंनी घाबरून विचारलं, "क्या हुआ? फिर झगड़ा?"

"नाही हो, पोहे करून राहिली! या!" मी ओरडले.

"शेंगदाणे भरपूर टाकजो!" बाबा माझ्यावर ओरडले.