आवडाबाईंनी धरलेले घोटे

बाळकुमच्या जत्रेत दरवर्षी गावातल्या सुनांची कबड्डी रंगते. गेल्या वर्षी चढाईत कल्पिताने बोनस रेषेकडे उजवा पाय लांबवला आणि मांडीच्या मागे ताणलेला दोर तुटावा तसं झालं. देवेशने बायकोला उचलून घरी आणलं. सासूबाईंनी, आवडाबाईंनी, लगेच तेल गरम केलं आणि मांडी अर्धा तास दणकून चोळली. मायाच ती, पण सकाळी मांडी काळीनिळी आणि दुप्पट झालेली.

"हॅमस्ट्रिंग फाटलीये," फिजिओ म्हणाली. "पहिले काही दिवस चोळायचं नसतं हो."

घरी येताच आवडाबाईंनी तेलाची वाटी फडताळात मागे सारली.

चार महिन्यांनी नवा व्यायाम आला. गुडघ्यांवर ताठ उभं राहायचं, सगळं अंग हळूहळू पुढे झुकवायचं, आणि मागून कुणीतरी घोटे घट्ट धरायचे. देवेशची ड्युटी पहाटेची. आवडाबाई लुगडं सावरत खाली बसल्या.

"आई, तुम्ही नको. माझे पाय तुम्ही कशा…"

"गप गो. झुक."

मग रोज सकाळी ओटीवर हेच. तीन वर्षांची सान्वी मोजायची, "एक, दोन, तीन, सात."

"सात नाय, चार," आजी म्हणायची. "आईला फसवू देऊ नको."

एकदा शेजारच्या कलावतीकाकू कुंपणाशी थांबल्या. "काय गो आवडे, सुनेने सासूचे पाय धरायचे असतात. तुझ्याकडं उलटाच कारभार."

कल्पिताने शरमून पाय आखडले. आवडाबाईंनी पकड ढिली केली नाही. "सोडले त तोंडावर पडंल ती. तू ये न धर, माझी कंबर मोडली."

काकू गेल्या. कल्पिताने त्या दिवशी दोन जास्त केले, आणि सान्वीने ते मोजलेच नाहीत.

पुन्हा जत्रा आली. फिजिओने खेळायला हो म्हटलेलं, पण मैदानात कल्पिता तो पाय पुढे टाकेना. तीन चढाया ती रेषेच्या अलीकडूनच परतली. चौथीला प्रेक्षकांत नजर गेली. आवडाबाई पुढच्या रांगेत बसलेल्या, दोन्ही मुठी गुडघ्यांवर आवळून, जणू घोटे अजून हातातच होते.

कल्पिताने पाय लांबवला. रेषा ओलांडली. मांडी ताणली गेली, पण टिकली. धावत ती मध्यरेषेपलीकडे आली.

सामना शेवटी एका गुणाने गेला. कल्पिता धुळीने भरलेली तशीच सासूबाईंच्या पाया पडायला वाकली. आवडाबाईंनी तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, आणि सगळ्या गावासमोर, कलावतीकाकूंच्या अगदी पुढ्यात, स्वतः मातीत बसून सुनेचा पाय मांडीवर घेतला.

"दुखतंय?"

"नाही, आई."

"चोळत नाय, घाबरू नको," त्या म्हणाल्या. "नुसता बघते."