दोघींचा एकच स्टो

मित्रांनो, मी एक जुना पितळी स्टो आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझी कीव करायची नाही. टाकीला पोचे आले आहेत, एक पाय जरा वाकडा आहे, पण मान अजून ताठ आहे. ती का ताठ आहे, तेच आज सांगणार आहे.

एका कारखान्यात पत्र्यावर ठोके खाऊन मी घडलो. तिथून धुळ्याच्या बाजारात आलो. प्रमिलाबाई नावाच्या नर्सबाईंनी मला उचलून, हलवून, पंप दाबून पाहिलं आणि पिशवीत घातलं. तेव्हा त्यांची बदली पाचोऱ्याच्या बाजूला, एका लहानशा सरकारी दवाखान्यात झाली होती. तिथेच सावद्याकडच्या लताबाई नव्याने लागल्या होत्या. दोघींनी मिळून चुडामण नानांच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भाडं निम्मं निम्मं ठरलं आणि सरकारकडून घरभाडे भत्ता दोघींना सुरू झाला.

लताबाईंनी स्वतःचा स्टो आणलाच नाही. कशाला आणतील? एकीची दिवसपाळी असली की दुसरी घरी असायची. जी घरी असेल ती मला पिन मारायची, पंप मारायची आणि दोघींचा स्वयंपाक करायची. प्रमिलाबाईंचं वांग्याचं भरीत आणि लताबाईंची उडदाची डाळ, दोन्ही माझ्याच डोक्यावर शिजलं. शेजारच्या बेबाबाई म्हणायच्या की असा निळा जाळ आख्ख्या गल्लीत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ते खरं आहे.

मग जिल्ह्याच्या ऑफिसात नवे साहेब आले. एकाच घरात दोन भत्ते जातात, हे त्यांच्या डोळ्यांवर आलं. त्यांनी पंडित नावाचा कारकून चौकशीला धाडला. आता आमच्या खानदेशात घर मोजतात ते चुलीवरून. भाऊ वेगळे निघाले की चूल वेगळी होते आणि चूल एक असली की घर एक. पंडितभाऊंनी दोन्ही खोल्या पाहिल्या, माझ्याकडे बोट केलं आणि लिहून टाकलं, 'चूल एक, सबब कुटुंब एक.' लताबाई नोकरीत नवीन, म्हणून त्यांचाच भत्ता बंद झाला. मी तिथेच बसून होतो, मला कोणी विचारलं नाही.

लताबाईंचा पगार घरी जायचा, भत्त्यावर खोली चालायची. भाडं झेपत नाही हे कळताच त्यांचे थोरले भाऊ तोतारामदादा यांचा निरोप आला, की नोकरी सोड, रविवारी न्यायला येतो. लताबाई चार घास जेवून उठू लागल्या.

चुडामण नाना मनाने चांगले. त्यांनी उसना स्टो आणून मांडायची युक्ती काढली. म्हणाले, "मी बेबाबाईना स्टो लई येस. कोपरामा मांडी द्या. कारकूनले दोन चुली दिसन्यात म्हणजे झायं."

लताबाईंनी होकाराची मान हलवली, त्यांना सुटका हवी होती. प्रमिलाबाई मात्र उसळल्या.

"खोटं कसाले बोलानं, नाना? आमनी चूल एकच शे. ती काय चोरी शे का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यातलं रॉकेल काढलं, मला वायरच्या पिशवीत घातलं आणि लताबाईंना घेऊन पॅसेंजरने जळगाव गाठलं. साहेबांच्या टेबलावर, फायलींच्या बरोबर मधोमध, त्यांनी मला ठेवलं. आयुष्यात इतक्या उंच जागी मी कधी बसलो नव्हतो.

"बाई, हे काय?" साहेब म्हणाले.

"ही आमची चूल. तुमच्या माणसाने एकच आहे असं लिहिलं, ते खरं लिहिलं."

साहेबांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मग दुसरा एक स्टो घ्या ना. मी पुन्हा चौकशी लावतो. तुमचंही काम होईल, माझंही."

आता लताबाई पुढे झाल्या. त्यांनी हात माझ्या टाकीवर टेकवला.

"साहेब, आमच्याकडे भांडण झालं की चूल वेगळी होते. आम्ही भांडलो नाही. भत्त्यासाठी भांडायचं का? अर्धं भाडं मी देते, अर्धं या देतात. जिचं जेवढं भाडं, तिला तेवढ्यावर भत्ता द्या. द्यायचा नसेल तर 'दोघी एकत्र जेवतात म्हणून नाकारला' असं लिहून द्या. मी जाते."

साहेबांनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. असं वाक्य सहीनिशी लिहिणार कोण? शेवटी त्यांनी पंडितभाऊंना हाक मारली आणि दोघींना आपापल्या भाड्यावर भत्ता मंजूर केला. मला टेबलावरून उचलायला मात्र कोणी धजेना, प्रमिलाबाईंनीच उचललं.

रविवारी तोतारामदादा रिकामी ट्रंक घेऊन आले. लताबाईंनी मला पेटवलं आणि भाऊ काही बोलायच्या आत ताट वाढलं.

"दादा, जेवून घे. ट्रंक घेऊन जाय. मी काही येत नाही."

दादा पोटभर जेवले. ट्रंक उचलून गेले. मी त्या दिवशी जरा जास्तच फरफरत होतो, हे कबूल.

पुढे गॅस आला आणि मी माळ्यावर गेलो. पंपाचं वायसर सुकलं, पितळ काळवंडलं. चिंच लावून घासायला कोणाला वेळ नाही, याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला खाली काढा, लखलखीत घासा. आणि तुम्ही कोणाबरोबर जेवता म्हणून तुमचा हक्क कोणी कापायला आला, तर उसना स्टो मांडू नका. तुमचा आहे तो त्याच्या टेबलावर ठेवा आणि नकार लिहून मागा.