निवळीची बी

माझ्या देवघरातली पितळेची अन्नपूर्णा काळी झाली, ती माझ्याच हातांनी. चिंच लावली, राख लावली, शेवटी सुनेने, संयुक्ताने, कुठून तरी मागवलेलं कसलंसं औषध लावलं. चकाकी आली, वास गेला नाही. आता नमस्काराला वाकले की उदबत्तीच्या आडून डांबराचा वास येतो. देवासमोर किळस यावी, हे या वयात नशिबी होतं.

लग्न होऊन तंजावरहून मी एन्नोरला आले तेव्हा आमच्या घरामागे नदी होती. नदी आजही आहे, पण तेव्हा ती दिसायची. कोसस्थलै इथे समुद्राला मिळते, म्हणून तिचं पाणी वर्षभर खारं. दोरीवर वाळणाऱ्या लुगड्यांनासुद्धा मीठ लागायचं. माझे यजमान, शेषगिरीराव, रेल्वेत होते. त्यांना वारा आवडायचा, म्हणून शहराच्या या टोकाला घर बांधलं. मग वीजकेंद्रं आली, तेलाचे कारखाने आले, राखेचे ढीग आले, आणि वारा काय घेऊन येतो ते रोज खिडकीच्या कठड्यावर पुसावं लागलं. यजमान गेले. मी पुसत राहिले.

माझ्या सासूबाई, सकवारबाई, नदीबद्दल म्हणायच्या, "वर्षभर ही समुद्राच्या घरची सून. पुरात तेवढी माहेरची होते." कारण पूर आला की वरचं पाणी खाडीतलं खारं पाणी लोटून देई आणि नदी दोन-तीन दिवस गोडी होई. म्हणून आमच्या घरात पुराची एक रीत होती. पाणी उंबऱ्याला लागलं की हळदकुंकू वाहायचं आणि मातीचं रुंद तोंडाचं मडकं त्या पाण्याने भरून घ्यायचं. पाणी लाल, गढूळ. मग निवळीची बी घ्यायची, आणि भरल्या मडक्याच्या आतल्या अंगाला ती गोल गोल घासायची. इथले लोक तिला तेत्तांकोट्टै म्हणतात. सासूबाईंच्या डब्यात ती जायफळाशेजारी असे. सकाळपर्यंत सगळा गाळ तळाशी बसे आणि वर काचेसारखं पाणी राही. त्याने देवाला स्नान, घरात सगळ्यांना चमचा-चमचा तीर्थ, उरलेलं नारळाला.

घासायचं काम माझ्या मुलाचं, विश्वेशचं. मनगट हलकं लागतं, ते त्याचं होतं. एकदा निवळलेल्या मडक्यात बोटाएवढा मासा निघाला. विश्वेशने रडून रडून गुडघाभर पाण्यातून आजीला नदीवर नेलं आणि तो सोडायला लावला.

पूर त्रास द्यायचा नाही असं नाही. पंच्याऐंशी साली आम्ही पलंगावर स्टोव्ह ठेवून भात शिजवला. पण तो चिखल होता. चिखल धुतला की जातो.

गेल्या डिसेंबरातल्या वादळात वीज गेली, पाऊस थांबेना. विश्वेश आणि संयुक्ता वरच्या मजल्यावर होती. पहाटे मला पाणी उंबऱ्याला लागल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखते. उठले, अंधारातच हळदकुंकू वाहिलं, मडकं बुडवलं. हाताला पाणी गुळगुळीत लागलं. वाटलं, कुणाकडचा साबण वाहून आला असेल. वास येत होता, पण इथे कधी येत नाही? निवळायला धीर धरवला नाही. वरचंच थोडं अन्नपूर्णेवर घातलं आणि चमचाभर तोंडात टाकलं.

मग उजाडलं. हळदकुंकू पाण्यावर नव्हतं, तेलावर होतं. काळ्या, जाड तेलावर. माझे हात कोपरापर्यंत काळे, अन्नपूर्णा काळी, आणि जिभेवर जे होतं ते चार दिवस गेलं नाही. मी त्या पाण्यातच ओकले. ओकारीसुद्धा बुडाली नाही, वरच तरंगत राहिली.

पाणी ओसरल्यावर घराच्या चारही भिंतींना कंबरेएवढा काळा पट्टा होता. तुळस काळी. चिंचेची बरणी झाकणासकट काळी. मांजराने अंग चाटून स्वच्छ करायचा प्रयत्न केला आणि मेलं. शेजारच्या कोळीवाड्यातल्या पूंगावनमची जाळी दगडासारखी कडक झाली होती. तिच्या मुलांना जवळच्या तेलाच्या कारखान्यातल्या लोकांनी प्लास्टिकचे मग दिले आणि सांगितलं, नदीतलं तेल काढा. मगाने! आम्ही आंघोळीला घेतो तसल्या मगाने. कारखान्याने प्रत्येक घरी एक पिशवी पाठवली, तिच्यात साबणाची वडी आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर. साबणाला फेस येईना. कॅलेंडरवर नदीचं चित्र होतं, निळं.

चिखलाला निदान लाज असते, तो तळाशी जाऊन बसतो. हे वर येऊन सात रंगांनी चमकतं.

आता विश्वेशबद्दल लिहायला हवं. तो त्याच कारखान्यात जनसंपर्काचं काम पाहतो. निवृत्ती जवळ आली आहे, आणि पुढे दोन वर्षं ठेवून घेऊ असं त्याला तोंडी सांगितलं आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला, त्याने घर घेतलं आहे, ते त्या दोन वर्षांच्या भरवशावर. जानेवारीत एक दिवस तो माझ्याजवळ येऊन बसला. घरात आम्ही आमच्या तंजावरी मराठीत बोलतो. इथे सरळ लिहिते.

"अम्मा, उद्या चौकशी समितीचे लोक येणार आहेत. तुझ्याशी बोलतील."

"माझ्याशी? मी काय तेल सोडलं?"

"तू इथली सगळ्यात जुनी. एवढंच सांगायचं, पुराचं पाणी इथे नेहमीच काळं येतं."

"कुठल्या साली आलं होतं?"

"साल कशाला? पूर्वी. मागे."

"विचारलं तर सांगायला नको?"

संयुक्ता कपड्यांच्या घड्या करत होती. ती म्हणाली, "त्यांना साल विचारू नका. त्या तिथीसुद्धा सांगतील."

विश्वेश हसला नाही. "काळं म्हणजे अगदी काळं नाही गं. गडद. गढूळ पाणी गडदच दिसतं ना?"

"गडद कॉफी असते. ती तू पितोस."

"अम्मा, थट्टा नको. माझी दोन वर्षं यावर आहेत. तेल कुठल्या कारखान्यातून आलं हे शोधत बसले तर आधी आमच्यासारख्यांच्या नोकऱ्या जातात. पेरुंगुडीचं घर तुझ्यासाठीपण आहे. तिथे हा वास नाही."

"तिथे कचऱ्याचा डोंगर आहे म्हणे."

"तो दुसऱ्या बाजूला आहे."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मी मनाशी ठरवलं होतं की आठवत नाही म्हणायचं. या वयात विसरणं फुकट मिळतं, कुणी पुरावा मागत नाही. मुलगा आहे. त्याचं घर आहे. नदीचं जे व्हायचं ते झालंच आहे.

दुसऱ्या दिवशी तिघे आले. एक मोठे साहेब, नाकाला रुमाल. एक त्यांचा मदतनीस. आणि एक तरुण बाई, खांद्याला पिशवी, तिच्यात रिकाम्या बाटल्या. विश्वेशने पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. त्याने त्यांना शहाळी दिली. साहेबांनी शहाळ्याचासुद्धा आधी वास घेतला. फाटकाबाहेर पूंगावनम आणि कोळीवाड्यातल्या चार बायका उभ्या होत्या. त्यांना कुणी आत बोलावलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "पाटी, तुम्ही फार वर्षं इथे आहात ना?" पाटी म्हणजे आजी.

मी तोंड उघडायच्या आत विश्वेश बोलला. "अम्माचं वय झालंय, सार. पण हे तिला पक्कं ठाऊक आहे. पूर आला की इथे असंच पाणी यायचं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाला बोलतं करावं तसा, "काय, अम्मा? असंच ना?"

फाटकातून पूंगावनम ओरडली, "असंच? मग आमच्या सासवा काय काळे मासे विकत होत्या?"

बायका हसल्या. साहेबांनी रुमाल दाबला. विश्वेशचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता, आणि मला तो नकोसा झाला. असंच. गढूळ नाही, गडद नाही, असंच.

ओसरीच्या कोपऱ्यात ते मडकं होतं. डिसेंबरचं पाणी त्यात तसंच होतं, कारण ते ओतायचं कुठे हे मला कळलं नव्हतं. तुळशीत? मोरीत? नदीत? वर एक मेलेली माशी चिकटून बसली होती. मी आत गेले, डब्यातून बी आणली आणि विश्वेशच्या हातात दिली.

"निवळी घास."

"आत्ता? अम्मा, काय हे!"

"असंच पाणी यायचं ना? मग असंच निवळायचं. तूच घासायचास. दाखव सारना."

तमिळमध्येच बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. विश्वेशने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. नाही म्हणणं म्हणजे काय, हे त्याला समजलं. त्याने बाही दुमडली, घड्याळ वर सरकवलं आणि हात आत घातला.

आणि तो हात, पन्नाशी उलटलेला हात, अजिबात चुकला नाही. अंगठा बीच्या खाली, दोन बोटं वर, मनगट डावीकडून फिरवत, सासूबाईंनी शिकवलं होतं तसंच. तेल मडक्याच्या कडेवरून ओघळलं. बाहीची दुमड काळी झाली, घड्याळ काळं झालं. गाळ असता तर खाली बसू लागला असता. हे नुसतं त्याच्या मनगटाभोवती फिरत राहिलं.

त्या तरुण बाईने विचारलं, "तुम्ही लहानपणी हे करायचात?"

"हो. म्हणजे... घरातली रीत होती."

"तेव्हा पाणी असं असायचं?"

विश्वेशने मडक्यात पाहिलं. मी त्याचा चेहरा पाहत होते. त्याला तो मासा आठवला. आई आहे मी, मला दिसलं. ओठ हलले. मग तो म्हणाला, "मी लहान होतो, मॅडम. आठवत नाही."

मी जे म्हणणार होते तेच शब्द. त्याच्या तोंडून ऐकले तेव्हा जिभेवर डिसेंबरची ती पहाट परत आली.

"मला आठवतं," मी म्हणाले. "लाल यायचं. सकाळी निवळायचं, आणि आम्ही प्यायचो. गोड लागायचं. एकदा यात जिवंत मासा निघाला होता. याने तो रडून नदीत सोडायला लावला."

बाईने मडक्यातलं पाणी दोन बाटल्यांत भरून घेतलं आणि झाकणं घट्ट लावली. साहेब जायला उठले होतेच. शहाळं त्यांनी अर्धं टाकलं.

सगळे गेल्यावर विश्वेश मागच्या नळापाशी उकिडवा बसला. साबण लावत होता, फेस येत नव्हता.

"साबणाने नाही जात," मी म्हटलं. खोबरेल आणलं, त्याच्या हाताला चोळलं, मग डाळीचं पीठ. तेलाला तेलच काढतं. बोटांच्या बेचक्यांतून काळं निघत राहिलं.

"संपलं माझं," तो म्हणाला. "बरं वाटलं तुला?"

 वाटलं नव्हतं. मुलाची कीव यावी असं खूप वाटत होतं, आणि येत होती ती किळसच. त्याच्या हाताची नव्हे.

दुपारी केळीची पानं मांडली. संयुक्ताने भात वाढला, वर सार वाढलं. विश्वेशने उजवा हात पानाकडे नेला, मग नाकाकडे नेला, आणि मांडीवर ठेवून दिला.

"संयुक्ता, चमचा दे."

या घरात जेवायला आजवर कुणी चमचा घेतला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन आणला. तो मान खाली घालून जेवू लागला.

मी हाताने जेवले. वास माझ्याही हाताला होता.