न निघणारा डाग

चौऱ्याण्णव साली आम्ही डोंबिवलीला राहत होतो आणि माझी नणंद मंदाकिनी ठाण्याच्या कॉलेजात पीएच.डी. करत होती. विषय टायटॅनियम डायऑक्साइड. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये घालतात ती भुकटी, एवढं मला कळलं होतं. मंदाकिनी तिचं द्रावण करी, काचेची पट्टी त्यात बुडवून सावकाश वर ओढी आणि भट्टीत भाजी. काचेवर केसाहून पातळ थर बसे. उन्हात तो थर पाण्यातला रंग नाहीसा करतो, असं तिचं म्हणणं. आमच्या मागचा नाला आठवड्यात दोनदा रंग बदलायचा, त्यामुळे घरात कोणी हरकत घेतली नाही.

अडचण एकच, थर काचेवर टिकत नव्हता. सोमवारी टिकलेला थर दाखवा, नाहीतर विषय बदला, असं तिच्या गाइड सरांनी बजावलं होतं. दोन वर्षं पाण्यात गेली असती.

रविवारी आमच्या गच्चीत प्रयोग करायचा म्हणून तिने सहा पट्ट्या घरी आणल्या. ओट्यावर ठेवून ती अंघोळीला गेली. त्या थरावर जांभळट झाक दिसते, पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखी. सासूबाईंना ते रॉकेलच वाटलं. त्यांनी बंबातली राख आणि काथ्या घेतला.

मंदाकिनी बाहेर आली तेव्हा पाच काचा लख्ख झाल्या होत्या.

"आई, अगं काय केलंस हे!"

"शिकलेल्या मुलीची भांडी घासली. ही एक मेली निघेना."

सहावी पट्टी जांभळीच होती. मंदाकिनी तिच्याकडे बघतच राहिली.

"वहिनी, ही मी सगळ्यांत जास्त वेळ भाजलेली."

गच्चीतल्या उन्हात दोन बश्या ठेवून त्यांत तिने रंगाचं फिकट निळं पाणी ओतलं. एकीत ती पट्टी ठेवली, दुसरीत सासूबाईंची लख्ख काच. संध्याकाळी लख्ख काच ठेवलेल्या बशीतलं पाणी जरासं फिकं झालं होतं. जांभळ्या पट्टीच्या बशीत रंग जाऊन नुसतं पाणी राहिलं होतं.

सोमवारी सरांनी पट्टीवर अंगठा घासला.

"टिकतो हे कशावरून?"

"आईने राखेने घासलीय, सर."

सरांनी पट्टी परत दिली. "पुढच्याही त्यांच्याकडूनच घासून घ्या," म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी काचा घरी यायच्या. सासूबाई कुरकुरत घासायच्या. दिवाळीच्या सुमारास एकदा सगळ्याच्या सगळ्या त्यांनी परत आणून दिल्या.

"मंदे, हात दुखले गं. एकही निघत नाही."

मंदाकिनीने पेढे आणले. सासूबाईंनी दोन खाल्ले आणि कशाचे म्हणून विचारलं.