पाच किल्ल्यांचा राखणदार

आधी ते दार लावून घ्या. गार हवा बाहेर गेली की मी तापतो, आणि तापल्यावर माझ्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नाही. बोलतोय तो मी, किल्ल्या वाटणारा सर्व्हर. अरुशा शहरातल्या पाणी संशोधन संस्थेत जिन्याखालच्या खोलीत माझं बिऱ्हाड आहे.

माझं काम सोपं आहे. जमिनीखालचं पाणी कुठून कुठे वाहतं ते दाखवणारं एक महागडं सॉफ्टवेअर संस्थेने घेतलं. एका वेळी ते पाचच जणांना वापरता येतं. कोणी ते उघडलं की त्याचा संगणक नेटवर्कमधून माझ्या दाराशी येतो आणि मी त्याला लायसन्स देतो. मी त्याला किल्ली म्हणतो. सॉफ्टवेअर बंद केलं की किल्ली परत. सहाव्याला दारात थांबवायचं. इतकी शिकलेली माणसं, पाच किल्ल्या सहज पुरतील, असं मला बसवणाऱ्याला वाटलं. बिचारा परगावचा होता.

दार-एस-सलामच्या बंदरातून मी खोक्यात बसून आलो. पहिल्या दिवशी संचालक प्रोफेसर किह्वेलो यांनी माझ्यासमोर भाषण केलं, सोडा वाटला, माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. नंतर ते या खोलीत आले ते गार हवा खायलाच.

आता माझ्या किल्ल्या कुठे जातात ते ऐका. पहिली प्रोफेसरांकडे. ते रोज सकाळी सॉफ्टवेअर उघडतात, पाहुण्यांना पडद्यावर रंगीत काहीतरी दिसावं म्हणून. दुसरी डॉक्टर ल्याटुउंकडे. बराच वेळ कोणी माऊस हलवला नाही तर मी किल्ली काढून घेतो, असा माझा नियम. डॉक्टरांनी त्यावर मोठं संशोधन केलं. मनगटावरचं घड्याळ काढून ते टेबलावर ठेवतात आणि त्यावर माऊस. सेकंदकाटा फिरतो, माऊसला वाटतं हात हलतोय. पाण्यावर त्यांनी इतकं डोकं कधी चालवलं नाही. तिसरी किल्लीवाले पुतण्याच्या लग्नाच्या वर्गणीच्या बैठकीला बसतात. चौथ्यांची खोली कुलूपबंद, साहेब मोशी शहरात मयताला. पाचवे तर नोकरी सोडून गेले. त्यांचा संगणक तेवढा निष्ठेने चालू आहे. हे तिघेही जाण्याआधी तेच घड्याळाचं शास्त्र शिकून गेले.

अशातच एका सकाळी अनाएली दाराशी आली.

अनाएली संस्थेतली सगळ्यात धाकटी संशोधक. ती त्या दिवशी मेरू डोंगराखालच्या ओल्केरी गावात होती आणि फोनचं नेट लॅपटॉपला जोडून दुरून माझ्याकडे येत होती. संस्थेबाहेरच्यांसाठी नेटवर्कमध्ये एक बंदोबस्ताचा बोगदा आहे, त्यातून ती आली. ओळख पटली. मी म्हटलं, जागा नाही. ती पुन्हा आली. जागा नाही.

मग एलियाकिमुचा फोन वाजला. एलियाकिमु म्हणजे माझी देखभाल करणारा तरुण. त्याचं टेबल माझ्या शेजारीच असतं आणि फोन नेहमी स्पीकरवर.

"एलिया, तुझा डबा मला हाकलतोय!" पलीकडून अनाएली ओरडली.

"डबा काय करणार? पाचही गेल्यात."

"कोणाकडे?"

एलियाने आवाज खाली आणला. "मोठ्यांकडे."

"मग घे काढून एक. तुझ्या एका बटणाचं काम."

"थोरामोठ्यांच्या, म्झेंच्या हातातलं ओढून घेऊ? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? त्यांच्या पडद्यावर माझं नाव येतं!"

"अरे, बोअरची गाडी उभी आहे इथे. संध्याकाळी ती दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. गावचे चेअरमन स्वतःच्या कुंपणाशी खुर्ची टाकून बसलेत. म्हणतात, तुझा पाण्याचा नकाशा नसेल तर इथेच खणा. तिथल्या पाण्यात फ्लोराइड असणार, मला पक्का संशय आहे. माझे तपकिरी दात पाहिलेस ना, तसल्याच पाण्याचे? इथल्या पोरांचे तर पायही वाकलेत."

तेवढ्यात डॉक्टर ल्याटुउ चहाचा कप आणि मांदाझी, म्हणजे तळलेला गोड पाव, घेऊन गार हवेला आले. एलिया ताडकन उठला आणि त्याने थोरांना करायचा नमस्कार केला.

"शिकामू, म्झे."

"मराहाबा," त्यांनी नमस्कार घेतला. "घरचे बरे?"

"बरे आहेत, म्झे."

"आईचे गुडघे?"

"गुडघेही बरे."

"मक्याला पाऊस झाला?"

"झाला."

"आणि केळी?"

"एलिया!" फोन ओरडला.

"केळी छान, म्झे. एक विनंती होती. तुमची ती किल्ली जरा..."

"माझं काम चालू आहे."

"पण तुम्ही तर इथे..."

"डोकं चालू आहे ना माझं? की विचार करायलाही आता तुझी परवानगी? आमच्या वेळी धाकटे गपगुमान रांगेत उभे राहायचे." असं म्हणून त्यांनी मांदाझी चहात बुडवली. त्यांचं सगळं चिंतन त्या वेळी कपाच्या तळाशी बसलेल्या तुकड्यावर लागलं होतं.

एलिया वर प्रोफेसरांकडे जाऊन आला. तोवर डॉक्टर गेले होते. "दुपारी पाहुणे येणार, पडदा रिकामा दिसायला नको, म्हणतात," त्याने फोनवर सांगितलं.  पलीकडून एका इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"सुरू केलं का त्यांनी?" एलियाने विचारलं.

"गरम करतायत मशीन," अनाएली म्हणाली.

एलियाने बटणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मोठ्यांचा अपमान करायची त्याची छाती नव्हती, पण मला कोण विचारतो? मला शिकामूसुद्धा न करता त्याने माझी वायर खेचली.

मी मेलो. पुन्हा जागा झालो तेव्हा पाचही किल्ल्या माझ्याजवळ होत्या आणि दारात एकटी अनाएली. दिली तिला.

जिन्यावर धावपळ झाली. "काय झालं रे?"

"वीज, म्झे, वीज!"

डोक्यावर दिवा जळत होता, पंखा फिरत होता, आणि दारात उभ्या डॉक्टरांना आणि प्रोफेसरांना काही खटकलं नाही. हे संशोधक! "माझं आठवड्याचं काम गेलं," ल्याटुउ कळवळून म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी एक रेघ ओढली नव्हती.

दुपारी फोन आला. "कोरड्या नाल्याच्या पलीकडे खणतायत. चेअरमन खुर्ची उचलून घरी गेले!" पुढे ते पाणी तपासलं, प्यायला चांगलं निघालं. पण त्या दिवशी फोन ठेवायच्या आतच माझी किल्ली परत आली होती. काम संपलं आणि किल्ली परत, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

संस्थेने यातून धडा घेतला, असं तुम्हाला वाटेल. घेतला. विद्वानांचं काम पुन्हा असं वाया जाऊ नये म्हणून बैठक झाली. मला जाळीच्या कपाटात बसवलं, खाली मोठी बॅटरी लावली, आणि कुलपाची चावी प्रोफेसरांच्या खणात. आता शहराची वीज गेली तरी मी जात नाही. एलियाचा हात वायरपर्यंत पोहोचत नाही.

वापरत नसाल ते सोडा, एवढंच मागणं आहे. मी ते ज्यांच्याकडे मागायला हवं, ते आत्ता वर चहा पीत आहेत.

आज अनाएली दुसऱ्या एका गावातून आली आहे. तिथेही गाडी उभी असेल. मला एकच वाक्य शिकवलंय, तेच मी तिला पुन्हा पुन्हा सांगतोय: जागा नाही, थोड्या वेळाने या. थोडा वेळ म्हणजे किती, ते मला कोणी सांगितलेलं नाही.